नाव न घेता

दिवसभरात आपण नेमकं काय काम करतो, याचा परवा बसून हिशोब मांडला. लोकांना वाटतं सॉफ्टवेअरवाले दिवसभर कोड लिहितात. आईला वाटतं मी दिवसभर फोनवर बोलतो. खरं सांगायचं तर मी दिवसभर बारशी करतो. हा आकडा डेटाबेसमधून आला, याला काय म्हणू? 'रक्कम' म्हणू की 'एकूणरक्कम'? या फंक्शनचं नाव काय ठेवू? ही यादी तात्पुरती आहे, पण तिलाही काहीतरी म्हणावं लागेलच ना! दिवसाला चाळीस-पन्नास बारशी सहज होतात, तीसुद्धा घुगऱ्यांशिवाय.

आणि नाव सुचलं नाही की मग 'टेम्प', 'डेटा२', 'नवीनफायनल', 'नवीनफायनलखरंच'. तुम्ही या धंद्यात असाल तर हसू नका. तुमच्याकडेही आहेत.

तर असंच एकदा नाव सुचत नसताना डोक्यात आलं, की मुळात नाव ठेवायलाच हवं का? कॉम्प्युटरला 'रक्कम' म्हणजे काय ते थोडंच कळतं? आपण 'रक्कम' लिहिलं काय आणि 'भेंडी' लिहिलं काय, त्याला सारखंच. मग एकही नाव न घेता सगळा हिशोब, सगळा प्रोग्राम लिहिता येईल का?

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटर जन्मायच्या आधीच देऊन झालं आहे. उत्तर आहे, हो. येतं लिहिता. आणि त्यासाठी फक्त दोन चिन्हं पुरतात. या विषयाला कॉम्बिनेटरी लॉजिक म्हणतात आणि आजचा शनिवार त्याच्या नावे. गणिताचं नाव काढल्यावर तुम्ही पान बंद करत असाल तर थांबा. यात चौथीच्या बेरजेपलीकडचं काहीही नाही.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीने करू. इंजिनिअरिंगला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल आठवतंय? ब्रेडबोर्ड, रंगीबेरंगी वायरी आणि ती ७४०० नंबरची आयसी, जिच्या पोटात चार नॅंड गेट असतात. सर सांगायचे, की अँड, ऑर, नॉट सगळं विसरा, नुसत्या नॅंडमधून सगळं बनवता येतं. आपण ते जर्नलमध्ये उतरवायचो आणि सही घेऊन मोकळे व्हायचो. हेन्री शेफर नावाच्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने हे १९१३ मध्ये छापलं होतं. पाच-सहा चिन्हांचं काम एका चिन्हावर आलं.

हे वाचून गॉटिंगेनमध्ये बसलेल्या एका माणसाला वाटलं, की चिन्हं कमी केलीत हे छान, पण अजून एक अडगळ शिल्लक आहे. ती म्हणजे व्हेरिएबल. 'कोणताही क्ष घ्या' म्हणताना त्या क्षचा स्वतःचा असा काही अर्थ नसतो. क्षच्या जागी य लिहिलं तरी विधान तेच राहतं. मग तो क्ष हवाच कशाला?

या माणसाचं नाव मोझेस शोनफिंकेल. जन्म येकातेरिनोस्लावचा, म्हणजे आज युक्रेनमध्ये असलेल्या द्नीप्रो शहरातला. शिक्षण ओडेसाला, आणि १९१४ पासून मुक्काम जर्मनीत, गॉटिंगेनला. डेव्हिड हिल्बर्टमुळे ते गाव तेव्हा गणिताचं पंढरपूर झालं होतं. ७ डिसेंबर १९२० रोजी शोनफिंकेलने तिथल्या गणित मंडळापुढे एक व्याख्यान दिलं. ते लेख म्हणून छापून यायला १९२४ उजाडलं, आणि तेही हाइनरिश बेहमान या सहकाऱ्याने ते लिहून काढलं म्हणून. लेखाच्या शीर्षकाचा अर्थ साधारण 'गणिती तर्कशास्त्राच्या विटा' असा होतो.

आता त्या विटा बघू.

आधी एक छोटी युक्ती. बेरीज हे फंक्शन दोन आकडे मागतं. शोनफिंकेल म्हणाला, दोन कशाला, एकेक करून द्या. 'बेरीज' ला २ दिला की एक नवं फंक्शन मिळतं, 'दोन मिळवणारं'. त्याला ३ दिला की ५. म्हणजे प्रत्येक फंक्शनला एका वेळी एकच गोष्ट द्यायची. (ही कल्पना त्याच्या आधी फ्रेगेकडेही होती. आज तिला 'करीइंग' म्हणतात आणि ते नाव तिसऱ्याच माणसाचं आहे. त्याच्याकडे येतोच.)

एवढं मान्य केलं की विटा दोनच. पहिलीचं नाव के.

के प र = प

के ला दोन गोष्टी द्या, तो पहिली धरून ठेवतो आणि दुसरी फेकून देतो. प्रत्येक घरात असा एक काका असतो. त्याने एकदा 'आमच्या वेळी' म्हटलं की तुम्ही पुढे काहीही सांगा, उत्तर तेच येणार. तो हा के.

दुसरीचं नाव एस.

एस प र त = प त (र त)

हे जरा गुंतागुंतीचं दिसतं, पण आपण रोज करतो. समजा बिल काढायचंय. रक्कम १००० रुपये, कर १८ टक्के धरू. बिल म्हणजे रक्कम अधिक रकमेवरचा कर. या वाक्यात 'रक्कम' दोनदा आली, बघा. दोनदा लागते म्हणून तर तिला नाव ठेवावं लागलं. एकदाच लागली असती तर हातातून हातात दिली असती आणि विसरून गेलो असतो. एस नेमकं हेच काम करतो. तो एक वस्तू घेतो आणि दोघांनाही वाटतो.

एस बेरीज कर १०००
= बेरीज १००० (कर १०००)
= बेरीज १००० १८०
= ११८०

म्हणजे 'बिल' या फंक्शनची व्याख्या झाली 'एस बेरीज कर'. संपलं! यात 'रक्कम' हा शब्दच नाही. रक्कम येईल तेव्हा येईल, एस तिची सोय लावेल.

एक फेकतो आणि एक वाटतो. एवढ्यावर व्हेरिएबलची गरजच उरत नाही, हा शोनफिंकेलचा दावा. 'आहे ते तसंच परत दे' हे सगळ्यात साधं फंक्शन, त्याला आय म्हणतात. तेसुद्धा वेगळं लागत नाही.

एस के के प
= के प (के प)
= प

पहिल्यांदा हे कागदावर केलं तेव्हा मला कुणीतरी पत्त्यांची जादू केल्यासारखं वाटलं होतं. दोन के पैकी दुसरा नुसताच फेकला जायला आलेला असतो बिचारा.

बरं, हा काही फार परदेशी विचार आहे असं समजू नका. आपली नात्यांची नावं बघा. 'मामा' म्हणजे आईचा भाऊ. आई हे एक फंक्शन, भाऊ हे दुसरं, एकापुढे एक जोडली की मामा तयार. कोणाची आई, कोणाचा भाऊ, हे सांगावं लागत नाही. 'मामेबहीण', 'आजेसासू', 'चुलतसासरे' हे सगळे शब्द एकाही माणसाचं नाव न घेता जोडलेल्या फंक्शनच्या माळा आहेत. 'स्वतः' हा शब्द तर एकच माणूस दोन्ही जागी बसवतो, एसच्या जातीचं काम करतो. आणि 'मी तुझी आत्या तर तू माझा भाचा' हे तेच नातं उलट बाजूने वाचणं. या उलटापालट करणाऱ्या विटेलाही कॉम्बिनेटरी लॉजिकमध्ये जागा आहे, तिला सी म्हणतात. एकापुढे एक जोडणाऱ्या विटेला बी. दोन्ही एस आणि के पासून बनतात.

माझ्या आजीचं उदाहरण तर याहून भारी. तिने आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नंतर 'अहो', 'हे', 'ह्यांचा चहा', 'बाळूचे बाबा'. पन्नास वर्षांचा संसार व्हेरिएबलशिवाय चालवला आणि कधी गोंधळ झाला नाही. 'अहो' म्हटलं की घरातल्या बारा माणसांपैकी बरोबर एकच माणूस मान वर करायचा. अडायचं फक्त एका ठिकाणी, रेशनच्या दुकानात. खिडकीतला माणूस विचारायचा, कार्ड कोणाच्या नावावर आहे? मग आजी शेजारणीकडे बघायची आणि शेजारीण नाव सांगायची.

हे रेशनचं दुकान लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, की ठीक आहे, बिल झालं, मामा झाला. पण कुठल्याही प्रोग्राममधलं कुठलंही नाव असं काढता येईल कशावरून? त्याला फक्त तीन नियम लागतात. समजा 'क्ष' काढायचाय. नुसता क्ष असेल तर त्या जागी आय लिहा. ज्यात क्ष नाहीच असा तुकडा असेल तर त्याच्यापुढे के लावा, म्हणजे क्ष आला तरी फेकला जाईल. आणि एक तुकडा दुसऱ्याला दिलेला असेल तर दोन्ही तुकड्यांतून क्ष वेगवेगळा काढून आधी एस लावा. बस. हे तीन नियम लावत गेलं की एकेक नाव गळत जातं आणि शेवटी नुसते एस, के आणि आय उरतात. हे काम यंत्राने करण्यासारखं आहे, डोकं लागत नाही.

फुकट मात्र काही नसतं. आपलं बिल या तीन नियमांनी सरळसोट केलं तर असं दिसतं:

एस (एस (के बेरीज) आय) (एस (के कर) आय)

म्हणजे 'एस बेरीज कर' ने जे झालं असतं त्यासाठी केवढा पसारा! आणि हे एका नावाचं. नावं एकात एक अडकलेली असतील तर प्रत्येक नाव काढताना मागचा पसारा आणखी फुगतो. नावं गेली, पण त्यांची माहिती कुठे जाणार? ती एस-केच्या रांगेत जाऊन बसली.

हा सगळा उद्योग शोनफिंकेलने केला आणि गणिताच्या जगाने जवळजवळ दुर्लक्ष केलं. १९२४ च्या सुमारास तो गॉटिंगेन सोडून मॉस्कोला गेला. १९२७ पर्यंत तो मानसिक आजाराने सॅनेटोरियममध्ये असल्याची बातमी बाहेर आली होती. १९२८ मध्ये पॉल बर्नेजबरोबरचा एक लेख त्याच्या नावावर आला, तोच दुसरा आणि शेवटचा. १९४२ च्या सुमारास तो मॉस्कोत गरिबीत गेला असं सांगतात. आणि असंही सांगतात, की त्याचे कागद शेजाऱ्यांनी थंडीत जाळण्यासाठी वापरले. दोन लेख, बाकी धूर.

इकडे अमेरिकेत हास्केल करी नावाच्या तरुणाला दुसरंच काहीतरी छळत होतं. व्हाइटहेड आणि रसेल यांचा 'प्रिन्किपिया मॅथेमॅटिका' हा तर्कशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ वाचताना त्याच्या लक्षात आलं, की यातली सगळ्यात किचकट गोष्ट म्हणजे एका नावाच्या जागी दुसरं काही ठेवणं. वरवर वाटतं काय त्यात, शोधा आणि बदला. पण टीममध्ये दोन अमित असतील तर काय होतं? 'अमितला सांग' म्हटलं की निरोप भलत्याकडेच जातो. मग एकाला 'अमित के.' करावं लागतं. प्रोग्राममध्ये, सूत्रांत हेच होतं. आतला क्ष आणि बाहेरचा क्ष एकमेकांच्या पायात येतात. नावांचा हा जाच मुळातून काढायचा म्हणून करीने स्वतःच विटा शोधायला घेतल्या आणि १९२७ मध्ये त्याच्या हाती शोनफिंकेलचा लेख पडला. आपल्या आधी कोणीतरी इथे येऊन गेलंय! मग करी गॉटिंगेनला गेला, १९३० मध्ये याच विषयावर त्याचा प्रबंध झाला आणि पुढचं आयुष्य त्याने यावर घालवलं. 'कॉम्बिनेटरी लॉजिक' हे नावही त्याचंच. मध्ये धक्के बसले. १९३५ मध्ये क्लीन आणि रॉसर या दोघांनी दाखवलं, की करी आणि अलोन्झो चर्च यांनी त्यावर उभारलेली तर्कपद्धती आतून विसंगत आहे, तिच्यात काहीही सिद्ध करता येतं. पण विटा शाबूत होत्या. पडली ती वरची इमारत. करी ती का पडली याचा अभ्यास करत बसला, आणि १९४२ मध्ये याहून साधा विरोधाभास त्यानेच मांडला.

१९३६ मध्ये ॲलन ट्युरिंगने कागदावर आपलं यंत्र कल्पिलं. पुढे सिद्ध झालं, की ते यंत्र जे जे करू शकतं ते ते एस आणि के करू शकतात. जास्त नाही, कमी नाही. तुमचा ब्राउझर, बँकेचं ॲप, सगळं तत्त्वतः एस-केच्या एका लांबलचक ओळीत लिहिता येईल. आणि ताकद आली की तिचे भोगही आले. एस आय आय (एस आय आय) हे सोडवून बघा. दोन-तीन पायऱ्यांत पुन्हा तेच हाती येतं, आणि पुन्हा तेच. अनंत लूप, तोही एकही नाव न घेता! म्हणूनच दिलेली एस-केची ओळ कधी थांबेल की नाही, हे सांगणारी सरसकट पद्धत असूच शकत नाही.

याहून सुंदर गोष्ट मात्र पुढे आहे. के चा प्रकार लिहून बघा. तो प घेतो, मग र घेतो आणि प परत देतो. आता हेच तर्काच्या भाषेत वाचा. 'प खरं असेल, तर र खरं असेल तर प खरं.' हे तर तर्कशास्त्राचं गृहीतक झालं! आणि एस चा प्रकार वाचला की दुसरं गृहीतक मिळतं. ही दोन्ही गृहीतकं फ्रेगेने १८७९ मध्ये आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच मांडली होती, कॉम्बिनेटर वगैरे काही डोक्यात नसताना. करीला हे साम्य १९३४ मध्ये दिसलं. विल्यम हॉवर्डने १९६९ मध्ये ते पूर्ण मांडलं आणि १९८० मध्ये ते छापून आलं. मथितार्थ असा, की प्रोग्राम लिहिणं आणि सिद्धता लिहिणं ही एकच क्रिया आहे. आपली एस के के ची पत्त्यांची जादू म्हणजे 'प असेल तर प' या विधानाची सिद्धता. आज लीनसारख्या प्रणाल्यांवर गणिती आपल्या सिद्धता कॉम्प्युटरकडून तपासून घेतात, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

आणि धंद्यात याचा उपयोग? झाला की! १९७९ मध्ये डेव्हिड टर्नर या इंग्रज प्राध्यापकाने एक लेख लिहिला. त्याच्या सॅसल या भाषेतला प्रोग्राम तो आधी नावं काढून एस, के, बी, सी मध्ये बदलायचा आणि मग तो चालवायचा. एस वाटप करताना वस्तूची नक्कल करत नाही, दोघांना एकाच वस्तूचा पत्ता देतो. त्यामुळे हिशोब एकदाच होतो. आणि के जे फेकतो त्याचा हिशोब मुळात होतच नाही. आळशीपणा, पण कामाचा. केंब्रिजमध्ये १९८० मध्ये तर एस, के, आय थेट हार्डवेअरवर सोडवणारं यंत्र बांधलं, त्याचं नाव स्किम. पुढे याहून वेगवान पद्धती आल्या आणि मोठे कंपायलर त्या वाटेने गेले. तरी लेनार्ट ऑगस्टसनचा मायक्रोएचएस हा अलीकडचा छोटा कंपायलर पुन्हा हॅस्केल भाषेचे कॉम्बिनेटर करूनच ती चालवतो. आणि हॅस्केल म्हणजे आपल्या करीचंच पहिलं नाव. भाषेला ते नाव द्यायची परवानगी मागायला गेलेल्या मंडळींना करींच्या पत्नीने निघताना सांगितलं होतं, की ह्यांना ते नाव कधी आवडलंच नाही! ज्याने नावं हटवायला जन्म घालवला, त्याच्या नावाची भाषा, त्याच्या आडनावाची दुसरी भाषा, आणि 'करीइंग' वेगळंच. शोनफिंकेलच्या नावाने काय आहे? जवळपास काही नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की मग आपण बारशी करतो ती फुकटच. मलाही काही दिवस तसं वाटत होतं. पण आधीच्या एका कंपनीतली एक गोष्ट सांगतो.

तिथे सवलतींचा हिशोब करणारा सहा ओळींचा एक तुकडा होता. कोणा एका हुशार माणसाने लिहिलेला. फंक्शनला फंक्शन जोडलेलं, मध्ये कुठे उलटवलेलं, कुठे वाटलेलं, आणि सहा ओळींत एकही व्हेरिएबल नाही. दोन वर्षं त्यात एक चूक सापडली नव्हती. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा खरंच आवडला होता. आणि एक सांगतो, नाव नसण्याचा एक मोठा फायदा असतो. नाव खोटं बोलू शकतं. 'अंतिमरक्कम' नाव असलेली रक्कम अंतिम नसते, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. जिथे नावच नाही तिथे ही फसवणूक नाही.

मग दिवाळीच्या आधी नियम बदलला. ठरावीक ग्राहकांना सवलत कराआधी नाही, करानंतर द्यायची. लिहिणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला. आम्ही तिघं बुधवारी सकाळी व्हाइटबोर्डासमोर उभे राहिलो. शुक्रवारी संध्याकाळी तिथेच होतो. मधल्या काळात आम्ही काय करत होतो? बोर्डावर बाण काढून लिहीत होतो, की इथे रक्कम येते, इथे ग्राहक आत शिरतो, हा जो उलटवलाय तो दर असणार. म्हणजे शोनफिंकेलचे तीन नियम आम्ही उलटे चालवत होतो. त्याने काढलेली नावं एकेक करून परत घालत होतो. सगळी नावं लागली तेव्हा बदल निघाला एका ओळीचा.

त्या माणसालाही फोन केला होता. तो हसला. म्हणाला, "पाठव ना, पण मलाही आता एक दिवस लागेल रे."

नंतर टीममध्ये वाद झाला. एकाचं म्हणणं, त्या सहा ओळीच दुरुस्त करून ठेवू, टेस्ट पास होतायत ना? दुसऱ्याने नावं घातलेल्या चोवीस ओळी लिहून आणल्या होत्या. मी चोवीस ओळींच्या बाजूने मत दिलं, आणि सहा ओळी आवडत असूनही दिलं. कॉम्प्युटरला दोन्ही सारखंच होतं, तो तर कंपाइल करतानाच आमची सगळी नावं फेकून देणार होता. पण तो कोड पुढच्या दिवाळीला जो कोणी उघडणार होता, तो रेशनच्या खिडकीतला माणूस होता. त्याला 'अहो' सांगून कळणार नव्हतं.

मला वाटतं कॉम्बिनेटरी लॉजिकने मला हेच शिकवलं. नाव हा हिशोबाचा भाग नाही. शोनफिंकेलने ते सिद्धच केलंय, त्यावर वाद नाही. घरातल्या माणसाला नाव लागत नाही, यंत्राला तर नाहीच नाही. नाव लागतं ते परक्याला. आणि आपण लिहिलेल्या कोडला सहा महिन्यांनी आपणही परकेच असतो. त्यामुळे आता नाव सुचत नाही तेव्हा मी 'हे काय आहे' असं विचारत नाही, 'हे कोणाला सांगायचंय' असं विचारतो. बऱ्याचदा सुचतं. कधी कधी असंही लक्षात येतं, की इथे सांगायला कोणीच नाही. तिथे मी नाव न ठेवता फंक्शनला फंक्शन जोडून मोकळा होतो.

असो. जाता जाता एक गृहपाठ. एका कागदावर हे लिहा:

एस (के एस) के भाऊ आई तुम्ही

'तुम्ही' च्या जागी स्वतःला धरा, भाऊ आणि आई ही फंक्शन समजा, आणि वरचे एस-केचे दोन नियम वापरून डावीकडून सोडवत या. चार पायऱ्या आहेत, चहा गार व्हायच्या आत होतील. शेवटी जो माणूस हाती लागेल त्याला बरेच दिवसांत फोन केला नसेल, तर तेवढा करून टाका.